तुम्ही विचारलंत म्हणून: अर्धायुष्य, पण कोणाचं?

“माहितीपत्रकात औषधाचं अर्धायुष्य ६ तास लिहिलंय, म्हणजे १२ तासांत ते अंगातून गेलं ना? आणि युरेनियमचं अर्धायुष्य म्हणतात ते हेच का?” फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, शिकवतो म्हटलं की हे दोन प्रश्न मला जोडीनेच येतात. पहिल्याचं उत्तर ‘नाही’. दुसऱ्याचं ‘गणित तेच, बाकी फारसं काही नाही’.

गणित आधी उरकून घेऊ. आहे त्यातलं निम्मं कमी व्हायला लागणारा वेळ म्हणजे अर्धायुष्य. ६ तासांनी निम्मं, १२ तासांनी पाव, १८ तासांनी आठवा हिस्सा. पाच अर्धायुष्यं उलटली की बत्तिसावा भाग, म्हणजे साधारण ३ टक्के उरतं. व्यवहारात तिथे ‘गेलं’ म्हणायची पद्धत आहे.

आता अणू. कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सर्गी, म्हणजे आपोआप विघटन होणारा प्रकार. त्याचं अर्धायुष्य सुमारे ५७३० वर्षं. यात गंमत अशी की अणुकेंद्रक म्हातारं होत नाही. हजार वर्षं टिकून राहिलेला कार्बन-१४ चा अणू आणि काल तयार झालेला अणू, दोघांचंही पुढच्या वर्षभरात विघटन होण्याची शक्यता तंतोतंत सारखी. तापवा, दाबा, आम्लात बुडवा, त्याला पत्ताही लागत नाही. (बेरिलियम-७ सारख्या एखाद्याला आजूबाजूच्या रसायनांचा किंचित फरक पडतो, पण अगदीच किंचित.) म्हणजे हा आकडा त्या केंद्रकाचा स्वतःचा. तो मोजण्यात माणूस चुकू शकतो, तो भाग वेगळा: रसायनशास्त्रज्ञ विलार्ड लिबींनी रेडिओकार्बन पद्धत (उरलेल्या कार्बन-१४ वरून जुन्या अवशेषांचं वय काढायची) बसवली तेव्हा ५५६८ वर्षं धरली होती. पुढे आकडा सुधारला, तरी प्रयोगशाळा रेडिओकार्बन वय आजही लिबींच्याच आकड्याने कळवतात, नाहीतर जुने निकाल नव्यांशी जुळेनात. कॅलेंडरची वर्षं त्यानंतर वेगळी काढावी लागतात.

औषधाचा मामला असा नाही. त्याचा रेणू सहसा आपणहून मोडत नाही. यकृत त्याचं रूप बदलतं, मूत्रपिंडं त्याला बाहेर काढतात. कॅफीन घ्या. निरोगी प्रौढाच्या शरीरात त्याचं अर्धायुष्य सुमारे ५ तास. धूम्रपान करणाऱ्यांत ते बरंच कमी भरतं, कारण कॅफीन मोडणारं यकृतातलं एन्झाइम धुरातल्या घटकांमुळे वाढतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तेच १५ तासांपर्यंत जाऊ शकतं. कॅफीन तेच, शरीर वेगळं. म्हणून माहितीपत्रकात एकच आकडा ठामपणे छापलेला दिसला की मला खटकतं. तो आकडा औषध आणि शरीर यांच्या जोडीचा असतो, तोही सरासरी.

दारूच्या बाबतीत तर हा शब्दच निकामी ठरतो. दारू मोडणारी एन्झाइम लवकरच भरून जातात, म्हणजे सगळी कामात अडकतात, आणि मग शरीर तासाला ठरावीक मात्राच निकालात काढतं, पोटात कितीही असो. तिथे अर्धायुष्य विचारू नये, तासाला किती ते विचारावं.

ग्रंथालयशास्त्रानेही १९६० च्या सुमारास हा शब्द उसना घेतला. नियतकालिकाचं ‘सायटेशन अर्धायुष्य’ म्हणजे त्याच्या ज्या लेखांचे संदर्भ इतरांनी दिले, त्या लेखांच्या वयाचं मध्यक (निम्मे संदर्भ त्याहून नव्या लेखांचे, निम्मे जुन्यांचे). यात काहीच निम्मं होत नसतं. उसनवारी जरा सैलच, असं माझं मत.

पण भौतिकशास्त्रातलं आणि शरीरातलं अर्धायुष्य कधीकधी एकाच माणसात भेटतात. थायरॉइडच्या उपचारात देतात ते आयोडीन-१३१ पाहा. त्याचं किरणोत्सर्गी अर्धायुष्य ८ दिवस. थायरॉइडमधून आयोडीन निम्मं बाहेर पडायला साधारण ८० दिवस. दोन्ही वाटांनी एकाच वेळी गळती चालू असते, म्हणून प्रत्यक्षातलं अर्धायुष्य दोन्हींपेक्षा कमी भरतं, ७ दिवसांच्या थोडं वर.

सीझियम-१३७ मध्ये हिशोब उलटा. किरणोत्सर्गी अर्धायुष्य सुमारे ३० वर्षं, आणि त्याला जगातलं कुठलंही औषध हात लावू शकत नाही. शरीरातून निम्मं जायला मात्र सुमारे ११० दिवसच लागतात, आणि हा आकडा आपल्याला हलवता येतो. प्रशियन ब्लू नावाचं निळं रंगद्रव्य पोटात दिलं की ते आतड्यात सीझियमला धरून ठेवतं, परत रक्तात जाऊ देत नाही, आणि ११० दिवसांचे साधारण ३० दिवस होतात. १९८७ मध्ये ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात टाकून दिलेल्या रेडिओथेरपी यंत्रातलं सीझियम लोकांच्या अंगात गेलं, तेव्हा रुग्णांना हेच दिलं होतं.