डरहॅमचा सातबारा

ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर परवा स्टॅगव्हिलला गेले, तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये. अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या आमच्या घरापासून अर्ध्या तासावरचा हा जुना मळा. तिच्या आजीचे आजोबा तिथे गुलाम होते, असं त्यांच्या घरात सांगत आलेत. कागद मात्र एकही नाही. आजोबांच्या जमिनीपायी मी किती चपला झिजवल्यात हे तिला ठाऊक आहे, म्हणून शोधायला मला सोबत घेतलं.

जमिनीचा माग लागायला काहीच वेळ लागला नाही. मला खरंच हेवा वाटला. मळा आहे तो डरहॅम काउंटीत, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या भागात. ही काउंटी 1881 ची, त्यामुळे त्याआधीची खरेदीखतं बघायला ऑरेंज काउंटीत, हिल्सबरोला जायचं. देणाऱ्याच्या नावाची एक सूची, घेणाऱ्याच्या नावाची दुसरी. 'तुमचा संबंध काय' असं कोणी विचारलं नाही, 'सोमवारी या' म्हटलं नाही. जुन्या खतांत चतुःसीमा झाडांवरून, ओढ्यांवरून सांगितलेल्या, अगदी आपल्याकडच्यासारख्या. रिचर्ड बेनेहननं 1787 मध्ये इथे जमीन घेतली, पुढे मुलगी कॅमेरॉनांच्या घरात दिली आणि 1860 पर्यंत पसारा सुमारे 30,000 एकरांवर गेला. कोणाकडून कोणाकडे, सगळं सापडतं.

आणि त्या जमिनीवर राबणारी सुमारे 900 माणसं? 1860 च्या जनगणनेत गुलामांचा तक्ता वेगळा. वर मालकाचं नाव, खाली वय, स्त्री की पुरुष, रंग. बस्स. पानभर आकडे, नाव नाही. मैत्रीण स्क्रीनवर बोट ठेवून एकेका ओळीवरून खाली सरकत होती आणि मला तिच्याकडे बघवेना.

या सगळ्यांची नावं पहिल्यांदा जनगणनेत येतात ती 1870 ला. त्याआधी 1866 मध्ये राज्यानं स्वतंत्र झालेल्या जोडप्यांना 25 सेंट भरून आपला संसार नोंदवायला लावलं, ती एक वाट. दुसरी वाट चॅपल हिलच्या विद्यापीठात जपलेले कॅमेरॉनांचे घरचे कागद. त्यांत जन्माच्या याद्या आहेत, आईच्या नावाखाली मुलांची नावं. ती लिहिली गेली कारण प्रत्येक मूल ही मालकाच्या मालमत्तेत भर होती. तिला हवं असलेलं नाव तिथे दोनदा सापडलं. आडनावाशिवाय. यातला तिचा कोण, की दोघांतला एकही नाही, कसं ठरवणार?

मळ्यावरच्या गुलामांच्या वस्तीतल्या, हॉर्टन ग्रोव्हच्या दुमजली घरांच्या विटांत, ओल्या मातीत उमटलेले बोटांचे ठसे अजून आहेत. तिनं एका ठशात आपलं बोट बसवलं, बराच वेळ काढलं नाही.

गुलामी संपली तरी जमीन कॅमेरॉनांचीच राहिली, कसणारे वाट्यानं कसत राहिले. हे ऐकताना मला आपल्या कूळकायद्याचा फार अभिमान वाटला. आमच्या जुन्या उताऱ्यावर कुळाचं नाव होतं, म्हणून 1 एप्रिल 1957 ला कसणारा मालक झाला. त्यात आमची अकरा एकर गेली. पण आजोबांनी कोणाला विकलं नव्हतं, कोणाची लेकरं तोडली नव्हती. हे मैत्रिणीला मी जरा जास्तच जोरात सांगितलं, हे मलाही कळत होतं.

रात्री बाबांना फोन केला. ते नेहमीसारखे "आपली जमीन गेली" वर आले. मी म्हटलं, "बाबा, ती कसणाऱ्याला मिळाली, ते बरंच झालं." ते गप्प. मग मी विचारलं, "आपल्याकडचे धोंडूकाका, त्यांचं नाव कशावर होतं का?"

"अगं, तो सालगडी. त्याचं नाव कशाला असेल?"

"आडनाव काय त्यांचं?"

बाबांनी आईला हाक मारली. आईलाही आठवेना. तीस वर्षं आमच्या गोठ्याशेजारी राहिलेला माणूस.

"गावी फोन करून विचारतो," बाबा म्हणाले.