नऊ कुंड्यांवरून चारवर: दिव्याखालच्या मिरचीची दुसरी फेरी

पेरणीच्या आधी

आधी मागच्या फेरीचा हिशेब मांडते, कारण या फेरीचं सगळं नियोजन त्यावर बेतलंय. घरात दिव्याखाली रोपं वाढवायचा बंद तंबू, म्हणजे टेंट, ८० बाय ८० सेंटिमीटरचा, उंची १६०. वर १५० वॉटचा एलईडी, रोज १६ तास. आत तीन-तीन लीटरच्या नऊ कुंड्या आणि त्यांत जलापेनो जातीच्या मिरचीची नऊ रोपं. पहिले दीड महिने टेंटची चेन उघडली की मन भरून यायचं. पन्नासाव्या दिवशी वरून पाहिलं तर मातीचा ठिपकासुद्धा दिसत नव्हता, नुसता हिरवा गालिचा.

तिथून पाण्याची ओढाताण सुरू झाली. वजनकाट्यावर एक कुंडी ठेवून पाहिली. सकाळी निथळेपर्यंत पाणी दिल्यावर २ किलो ४०० ग्रॅम, संध्याकाळी १ किलो ७०० ग्रॅम. म्हणजे दिवसभरात ७०० मिली पाणी गेलं, आणि कुंडीतल्या तीन लीटर मातीच्या मिश्रणात रोपाला ओढता येण्याजोगं पाणी त्याहून फार जास्त नसतं. रोज संध्याकाळी नऊपैकी चार-पाच रोपं मान टाकून उभी. दोन वेळा पाणी द्यायला लागले. एका दिवशी घरी परतायला उशीर झाला, तर दुसऱ्या दिवशी टेंटच्या तळाशी कळ्यांचा सडा पडला होता. त्यानंतर आलेल्या फळांच्या टोकांना तपकिरी, चामड्यासारखे डाग. तो रोग नव्हता. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं आणि पाण्याचा ओढा पानांकडे जास्त, फळाकडे कमी. त्यामुळे माती कधी कोरडी, कधी चिंब अशी होत राहिली की सगळ्यात आधी फळाचं टोक उपाशी राहतं. मी कॅल्शियमचं खत देत बसले होते, आणि कमी पडत होती ती कुंडी.

नऊ रोपांचा मिळून तोडा निघाला १ किलो ८५० ग्रॅम, पेरणीपासून १३० दिवसांत. शेवटी कुंड्या उलट्या केल्या तेव्हा बाहेर आला तो मातीचा नाही, मुळ्यांचा गोळा. कुंडीचा हुबेहूब साचा. तळाशी मुळ्या दोरखंडासारख्या गोल फिरलेल्या, आणि पांढरी मुळी शोधावी लागत होती.

म्हणून या वेळी चार रोपं: दोन पाच लीटरमध्ये, दोन दहा लीटरमध्ये. बियाणं तेच, दिवा तोच. मातीची बेरीज ३० लीटर. मागच्या वेळी ती २७ होती, म्हणजे टेंटमधली एकूण माती जवळपास तेवढीच. फक्त ती कमी रोपांत वाटलेली.

बरोब्बर दुप्पट माप घेण्याला कारण आहे. २०१२ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्ड्रिक पूर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुंडीच्या आकारावरचे ६५ अभ्यास एकत्र करून विश्लेषण केलं. कुंडीचं आकारमान दुप्पट केलं की रोपाचं वजन सरासरी ४३ टक्क्यांनी वाढतं, असं त्यात दिसलं. त्याच कामातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. प्रयोगासाठी रोप वाढवताना त्याचं कोरडं वजन लीटरमागे एका ग्रॅमच्या आत राहील एवढी कुंडी घ्या, असं ते सांगतात. भरगच्च वाढलेल्या मिरचीला हे माप लावलं तर कुंडी पिंपाएवढी घ्यावी लागेल. थोडक्यात, टेंटमधली आपली प्रत्येक कुंडी रोपाला लहानच पडते. किती लहान चालवून घ्यायची, एवढंच आपण ठरवतो.

दिवस ०

बिया ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा), खाली उबेची चटई, तापमान २८ अंश. सहा बिया, त्यांतून चार ठेवणार.

दिवस ९

पाच उगवल्या.

दिवस २४

पहिली खरी पानं चार झाली. छोट्या कपातून एक लीटरच्या कुंडीत हलवली. सरळ दहा लीटरमध्ये का नाही, तर एवढंसं रोप दिवसाला दोन-चार चमचे पाणी पितं. मोठ्या कुंडीतली बाकीची माती तशीच ओली राहते, हवा कोंडते आणि वर बारीक काळ्या माश्या घोंघावू लागतात. वाफसा यायला हवा. ओल आहे आणि हवाही आहे, अशी माती हाताला लगेच कळते: मुठीत दाबली तर गोळा होतो, बोटाने टोकरला तर फुटतो. एक लीटरची कुंडी तिसऱ्या दिवशी वाफशावर येते. दहा लीटरची आठवडाभर येत नाही.

दिवस ४४

कायमच्या कुंड्यांत पुनर्लागण. मिश्रण: कोकोपीट दोन भाग, गांडूळखत एक भाग, परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) एक भाग. कोकोपीट तीनदा धुऊन घेतलं, त्यातले क्षार पहिल्या पाण्यात चांगलेच जाणवतात.

कुंडीच्या मापाबद्दल एक सांगते. विकत घेताना माप इंचांत सांगतात, आपल्याला हवे असतात लीटर. वरचा व्यास २५, तळाचा २० आणि उंची २३ सेंटिमीटर असलेली कुंडी काठोकाठ ९.२ लीटरची होते. पाणी द्यायला वर तीन सेंटिमीटर जागा सोडली की माती बसते पावणेआठ लीटर. म्हणून मी मिश्रण मापाच्या बादलीने भरते. दहा लीटर म्हणजे दहा लीटर मातीच, यासाठी थोडी मोठी कुंडी घ्यावी लागली.

उंचीचाही विचार केला. पाणी निथळून झाल्यावरही तळाशी चिंब थर उरतो. तो किती जाड राहील हे मिश्रण ठरवतं, कुंडी नाही. त्यामुळे उथळ कुंडीत त्याच थराने जास्त वाटा खाल्ला जातो. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा, थेंब गळायचे थांबू द्या, मग तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागतं. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. हे हातात धरून पाहिल्यापासून पसरट कुंड्या मी मिरचीला देत नाही.

पुनर्लागण करताना मुळ्या छान होत्या. बाजूने पांढऱ्याशुभ्र, एखाददुसरीच वळलेली.

दिवस ५२

सगळ्यांचे शेंडे सातव्या पानावर खुडले. चारच रोपं ठेवायची असतील तर हे करायलाच हवं. एका रोपाच्या वाट्याला ४० बाय ४० सेंटिमीटर जागा येते, ती नुसत्या उंच दांड्याने भरत नाही. नऊ रोपांना २७ बाय २७ पेक्षा जास्त मिळत नव्हती, म्हणून तेव्हा शेंडे राखले ते बरोबरच होतं.

दिवस ६१

काही दिसण्यासारखं नाही. बगलेतले फुटवे जोरात. चारही रोपं अजून सारखीच दिसतात, पाच लीटरवाली कोणती हे झाकून ठेवलं तर ओळखता येणार नाही. टेंटचा निम्मा तळ उघडा आहे, आणि तो पाहून जीव तुटतो. तिथे पडणारा प्रकाश वाया जातोय. मागच्या वेळी याच सुमाराला दोन रोपांवर फळं धरली होती.

कमी रोपांची किंमत ही अशी मोजावी लागते. रोपाला वापरता येणारा प्रकाश मायक्रोमोलमध्ये मोजतात; टेंटमध्ये चौरस मीटरला सेकंदाला सरासरी ४०० मायक्रोमोल मिळतो. १६ तासांत चौरस मीटरला साधारण २३ मोल (एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल). उघड्यावरच्या कडक उन्हात हा आकडा चाळिसाच्या पुढे जातो, तरी मिरचीला २३ पुरतात. पण ते पानांवर पडले तर. नऊ रोपं हा प्रकाश पन्नासाव्या दिवशी पुरता वापरायला लागली होती, चार रोपांना अजून वेळ आहे.

दिवस ७३

गालिचा पूर्ण झाला. मागच्यापेक्षा २३ दिवस उशिरा. आता फरकही दिसतोय: दहा लीटरची दोन्ही रोपं शेजारणींच्या अंगावर पसरायला लागलीत, पाच लीटरवाली थोडी आटोपशीर, पानं किंचित लहान. दोन्हीकडे फुलं आलीत. परागीकरण व्हावं म्हणून रोज सकाळी दांडा बोटाने टिचकी मारून हलवते, घरात वारा नाही आणि मधमाशी नाही.

दिवस ८८

पाण्याची नोंद, सलग सात दिवस काट्यावर घेतलेली. पाच लीटरचं रोप दिवसाला साधारण ९०० मिली पितं, दहा लीटरचं १ लीटर १०० मिली. फरक एवढाच! पण पाच लीटरच्या कुंडीला रोज पाणी द्यावंच लागतं, एक दिवस चुकला की दुसऱ्या सकाळी पानं मऊ लागतात. दहा लीटरची कुंडी दोन दिवस निभावते, तिसऱ्या दिवशी मागते.

मला या फेरीत सगळ्यात मोलाची वाटलेली नोंद हीच. कुंडी निवडताना आपण रोप केवढं होईल हे विचारतो. मी आता आधी हे विचारते की दोन पाण्यांमध्ये मला किती तास हवेत. नोकरी सांभाळून टेंट सांभाळणाऱ्याला तीन लीटरची कुंडी भरल्या फळांत झेपत नाही. ज्यांच्याकडे टायमरवर ठिबक आहे त्यांना झेपते, तीन लीटरमध्येही उत्तम येते.

फळांच्या टोकाचा डाग: पाच लीटरमध्ये तीन फळांना, दहा लीटरमध्ये एकालाही नाही. खत सगळ्यांना तेच आहे.

दिवस ९६

पाच लीटरच्या एका रोपावर मावा. शेंड्याकडच्या पानांखाली हिरवे ठिपके. साबणाचं सौम्य पाणी तीन दिवसांआड फवारलं. चारच रोपं असल्यामुळे प्रत्येक पान उलटून पाहता येतं. नऊ रोपांच्या दाटीत मागच्या ओळीपर्यंत हातच पोचत नव्हता, आणि मावा नेमका तिथेच बसायचा.

दिवस १३०

तोडा संपला, म्हणजे हिशेबापुरता थांबवला. पाच लीटर: ४१० आणि ३८० ग्रॅम. दहा लीटर: ५६० आणि ६१० ग्रॅम. एकूण १ किलो ९६० ग्रॅम.

पाच आणि दहा लीटरमध्ये ४८ टक्क्यांचा फरक पडला. दोन-दोन रोपांवरून सिद्ध काहीच होत नाही, शिवाय मोठ्या रोपांनी शेजारच्यांचा थोडा प्रकाशही घेतला. पण एकूण आकडा पुन्हा पुन्हा पाहिला. नऊ रोपांचे १ किलो ८५०, चारांचे १ किलो ९६०. दिवा तोच, माती जवळपास तेवढीच, तर टेंट देतोही जवळपास तेवढंच. रोपांची संख्या वाढवून तोडा वाढला नाही, फक्त लवकर आला. पहिली फळं मागच्या फेरीत १२ दिवस आधी तोडली होती. ज्यांना फेऱ्या लवकर उरकायच्या आहेत त्यांनी जास्त रोपं, लहान कुंड्या आणि पाण्याची पक्की सोय करावी. मला एकच रोप महिनोन्महिने ठेवायला आवडतं, मी चारवर राहणार.

दहा लीटरची दोन्ही रोपं छाटून टेंटमध्येच ठेवलीत, नवे फुटवे दिसायला लागलेत. पाच लीटरचं एक उपटून मुळ्या पाहिल्या: कडेला वळलेल्या आहेत, पण मधली माती अजून मातीसारखी आहे, पांढरी मुळी भरपूर. मोकळ्या झालेल्या अर्ध्या टेंटमध्ये या वेळी हबानेरो ही दुसरी मिरची लावतेय. ती जलापेनोपेक्षा हळू पिकते, म्हणून एकच रोप, १५ लीटरच्या कापडी पिशवीत. कापडातून मुळीच्या टोकाला हवा लागली की टोक थांबतं आणि मागून फुटवे येतात, गोल फिरत नाही. पिशवी बाजूंनीही सुकते, त्यामुळे १५ लीटर असूनही पाणी लवकर मागेल अशी तयारी ठेवलीय. तिच्या बिया परवा भिजवल्या, काल कोकोपीटमध्ये गेल्या.