नक्षी भरपूर आहे

जुलैतल्या एका रविवारी सकाळी मानपाड्याच्या सिग्नलला माझी गाडी एका रिक्षाच्या मागच्या पत्र्यापासून वीतभर अंतरावर थांबली. मी थांबवली असं म्हणवत नाही. ती तिच्या सवडीने थांबली. ब्रेक दाबला तेव्हा पुढे दोन गाड्यांची जागा मोकळी होती, वेग चाळिशीच्या आत आणि पाऊस नावापुरता. पायाखालचं पेडल खडखडलं, चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसने त्याचं काम केलं, पण चाकं डांबराला काही धरेनात. ताटातला लाडू घरंगळत काठाशी येऊन थबकावा तसं झालं. रिक्षावाल्याने मान वळवून आधी मला पाहिलं, मग गाडीच्या तोंडावरचा विंचवाचा बिल्ला पाहिला आणि म्हणाला, "काय शेठ, क्लास लावलाय का?"

विंचवाचं असं की गाडी अबार्थ पुंटो आहे, म्हणजे फियाटच्या साध्या पुंटोची तेज बहीण. कार्लो अबार्थ या गृहस्थांची रास वृश्चिक, म्हणून त्यांनी गाड्यांवर विंचू बसवला. नाव इटालियन असलं तरी आमची गाडी जन्माने रांजणगावची, म्हणजे अष्टविनायकातल्या महागणपतीच्या गावची. इंजिन चौदाशे सीसीचं, टर्बोवालं, १४५ अश्वशक्तीचं. हिला स्पोर्ट्स कार म्हणावं का, यावर आमच्या घरात दोन तट आहेत. मी एका तटात आहे. दुसऱ्या तटाचं म्हणणं, जिला चार दारं आहेत आणि जिच्या डिकीत गणपतीचं मखर मावतं ती पुंटोच. लेक तर म्हणते, "बाबा, ती गाडी नाहीच, तुम्ही पाळलेलं काहीतरी आहे. रविवारी फिरवून आणता."

यात तथ्य आहे. देशातली पहिली प्रवासी आगगाडी १८५३ साली ज्या गावापर्यंत आली, त्या गावातला माणूस कामाला लोकलनेच जातो. गाडी निघते ती रविवारी पहाटे, घोडबंदर रोड जागा व्हायच्या आत. नाशिक हायवेने कसाऱ्यापर्यंत जायचं, घाटाची वळणं घ्यायची, मिसळ खायची आणि माजिवड्याला गर्दी व्हायच्या आत परत. तेही दर रविवारी नाही. नऊ वर्षांत एकोणीस हजार किलोमीटर झालेत. एखाद्या ओला-उबरवाल्याला हा आकडा सांगितला तर तो चार महिन्यांचा आहे असं समजेल.

त्या दिवशी घरी येऊन टायरांपुढे उकिडवा बसलो. नक्षीत रुपयाचं नाणं घातलं, ते छान आत गेलं. खाचांच्या तळाशी रबराच्या बारीक पट्ट्या असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की १.६ मिलिमीटर उरले, टायर बाद. माझी नक्षी त्यांच्यापेक्षा चांगली उंच होती. म्हणजे टायर गोटा झालेला नव्हता. मग साईडवॉलवर, म्हणजे टायरच्या उभ्या बाजूवर, लंबगोलातले चार आकडे शोधले. ते एकाच बाजूला असतात आणि नेमके आतल्या बाजूला येतात, त्यामुळे मोबाईलचा टॉर्च धरून गाडीखाली मान घालावी लागली. २११६. सन २०१६चा एकविसावा आठवडा. घरात दूध, ब्रेड, श्रीखंड, सगळ्यांच्या तारखा मी चष्मा लावून बघतो. आणि ज्यांच्यावर बायकोमुलीला बसवून घाट उतरतो, त्या चार रबरांची तारीख नऊ वर्षांत पहिल्यांदा वाचत होतो.

तारीख कळल्यावर बाकीचंही दिसायला लागलं. नक्षीच्या कडेला, साईडवॉल सुरू होते तिथे, केसाएवढ्या भेगांची जाळी होती. अंगठ्याचं नख रोवून बघितलं तर रबर दबलंच नाही, पाटीवर नख घासल्यासारखं झालं. बायको भाजीची पिशवी घेऊन येत होती, तिने वाकून एकदाच हात लावला आणि म्हणाली, "कुकरच्या रिंगसारखं झालंय. आम्ही लगेच बदलतो हो."

रबर हे असंच. ते चालून झिजतं आणि उभं राहून म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन त्याला आतून कडक करत राहतो आणि ओझोन वरून भेगा पाडतो. त्यावर उपाय म्हणून टायरच्या रबरात मेणासारखी द्रव्यं मिसळलेली असतात. चाक फिरतं, रबर दबतं-फुगतं, तसतसं हे मेण पृष्ठभागावर येत राहतं आणि त्याचा पापुद्रा ओझोनला अडवतो. गाडी उभीच असेल तर मेणही आतच झोपून राहतं. मी नऊ वर्षं गाडी जपत होतो, कव्हर घालत होतो, आणि टायर त्याच जपण्याने मरत होते. त्यात आमची जागा पाण्याच्या पंपाला लागून. विजेच्या मोटरपाशीही थोडा ओझोन तयार होतो म्हणतात. त्याचा हिशेब सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडावा असं क्षणभर वाटलं, पण तिथे अजून गळतीचा विषय संपायचाय.

कितव्या वर्षी टायर बदलावे? बऱ्याच गाडी कंपन्या सहा वर्षं म्हणतात. टायर बनवणारे मिशेलिनवाले म्हणतात, पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, काढा. माझ्या टायरांनी दहाव्या वर्षात पाऊल टाकलं होतं. दिवाळीत समृद्धीवरून संभाजीनगरला साडूकडे जायचं ठरत होतं. भिवंडीजवळ आमण्याला चढलं की सरळसोट काँक्रीट, १२०ची मर्यादा, दुपारचं ऊन. टायरच्या पोटात उष्णता साचायला याहून सोयीची जागा नाही. तिथे नऊ वर्षांचं रबर घेऊन जायची माझी छाती नव्हती.

मग पुढचे दोन महिने मी टायर निवडत होतो. घरचे म्हणतात, इतकं तर स्थळंसुद्धा पाहत नाहीत.

पहिल्यांदा 'समर टायर' या शब्दाने मजा आणली. युरोपात थंडीचे टायर वेगळे आणि उन्हाळ्याचे वेगळे, गाडीने कपडे बदलावेत तसे बदलतात. पारा सातच्या खाली गेला की उन्हाळी टायरचं रबर कडक व्हायला लागतं, म्हणून. ठाण्यात पारा सातवर आला तर पेपरवाले पहिल्या पानावर छापतील आणि येऊरला स्वेटरवाल्यांची जत्रा भरेल. आपल्याकडे मिळणारे बहुतेक टायर याच 'समर' जातीचे, फक्त त्यांना कोणी तसं म्हणत नाही. शेजारच्या काकांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "उन्हाळी घेऊ नकोस रे, पावसात मार खाशील." उलट आहे. उबदार पावसाचं पाणी खाचांतून बाजूला फेकण्यात हे टायर चांगले पटाईत असतात. मार खाल्ला तो उन्हाळी असल्यामुळे नव्हे, शिळा असल्यामुळे.

दुसरी गंमत आयुष्याची. काही टायरांवर 'ट्रेडवेअर' म्हणून एक आकडा असतो. कसोटीच्या टायरला १०० मानलं, तर ४००वाला चौपट दमाने झिजतो. आकडा कंपनी स्वतःच चाचणी करून लावते, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून भांडू नये. पण साधारण खूण कळते: आकडा मोठा तर रबर टणक आणि टिकाऊ, लहान तर मऊ आणि चिकट. दोन्ही एकदम पाहिजे असेल तर पैसे मोजा, आणि तरी पूर्ण मिळणार नाही.

दुकान कापूरबावडीच्या बाजूचं, बाहेर टायरांचे मनोरे आणि आत देवाच्या फोटोखाली गल्ला. मालक अनुभवी.

"साहेब, हा घ्या. साठ हजार डोळे झाकून."

"माझी गाडी वर्षाला दोन हजार चालते हो."

"मग तर काय, आयुष्यभराची चिंता मिटली!"

साठ भागिले दोन, तीस वर्षं. मी आज चौपन्न. चौऱ्याऐंशीव्या वर्षी कसारा घाट उतरताना मला या टायरची हमी होती. मी म्हटलं, "दादा, हा टायर झिजायच्या आधी तीनदा म्हातारा होईल. मला लवकर झिजणारा दाखवा." चाळीस वर्षांच्या धंद्यात असं गिऱ्हाईक आलं नसावं. त्यांनी पोऱ्याकडे पाहिलं, पोऱ्याने माझ्याकडे.

पण हिशेब सरळ आहे. रोज वाशी-ठाणे करणाऱ्याने टणक टायर घ्यावा, कारण त्याची नक्षी आधी संपणार. माझ्यासारख्याची तारीख आधी संपते. सहा-सात वर्षांत बारा-चौदा हजार किलोमीटर होणार, मग पंचवीस हजारांत झिजणारा मऊ टायरसुद्धा अर्ध्यावर असतानाच काढावा लागणार. न वापरलेल्या टिकाऊपणाचे पैसे भरण्यापेक्षा ओल्या मानपाड्याला धरून ठेवणारं रबर का घेऊ नये? बायकोला हे पटवायला वेळ लागला. तिच्या मते लवकर संपणारी वस्तू मुद्दाम घेणं हा शिक्षणाचा परिणाम आहे.

मालकांनी मग दुसरा गळ टाकला. गाडीचं माप १९५/५५ आर १६. म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, उंची त्याच्या ५५ टक्के, आणि रिम १६ इंची. "याच्यात माल कमी येतो साहेब. २०५ टाका, चार कंपन्या हजर आहेत, गाडी पण भरदार दिसेल." मोह झाला. मोबाईलवर आकडेमोड केली: चाकाचा व्यास ११ मिलिमीटरने वाढणार, म्हणजे पावणेदोन टक्के. काटा शंभर दाखवेल तेव्हा गाडी आधीपेक्षा थोडी जास्त पळत असेल. फार नाही, पण कमानीत घासायची धास्ती, विमेवाल्याशी वाद आणि ज्या इटालियन माणसाने स्टिअरिंगचा तोल साधला त्याची विटंबना. नको.

मनात एक बाहेरून येणारा टायर होता, पण २०२० साली सरकारने टायरांच्या आयातीवर परवान्याची अट घातल्यापासून असल्या आडमापाच्या मालाची वाट बघत बसावं लागतं. आणि आला तरी जहाजात, गोदामात मुरून येतो. मला लोणचं नको होतं, ताजी भाकरी हवी होती. सिएटचं नाव निघालं तेव्हा एक योग आठवला: फियाटमधला शेवटचा 'टी' तोरिनोचा आणि सिएटमधलाही. दोघींचं माहेर इटलीतलं एकच शहर. सिएटचा कारखाना इथे भांडुपला, फियाटने आपल्या गाड्यांचा इथला गाशा गुंडाळला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, दुसरं काय. शेवटी कोणत्या कंपनीचा घेतला ते सांगत नाही. ठाण्यात टायरचं नाव घेणं म्हणजे मिसळीचं नाव घेण्यासारखं, दुपार जाते.

तेवढ्यात टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ वर येणार असं जाहीर झालं. दोन महिने चालढकल केली त्याला अचानक धोरणाचं रूप आलं. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, दर उतरले. दहा हजार दोनशे चाळीसचा टायर नऊ हजार चारशे चाळीसला पडला, चारांत बत्तीसशे वाचले. बायको म्हणाली, "बघा, थांबलात ते बरं केलंत." नवऱ्याने हे वाक्य तारखेसकट लिहून ठेवावं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गाडी दुकानात चढवली. नवे टायर आले तेव्हा आधी चारी तारखा वाचल्या: २८२५, चारांवर एकच. जुलैचा दुसरा आठवडा. मानपाड्याला माझी शिकवणी चालू होती, त्याच सुमाराला हे साच्यातून निघत होते. नव्या टायरवर रबराच्या बारीक मिशा असतात, साच्यातली हवा जिथून निघून जाते तिथे उगवलेल्या. त्यांच्यावरून तळहात फिरवला. नख रोवलं, आत गेलं आणि हळूच वर आलं. पोऱ्याने कडांना साबणपाणी लावलं, यंत्राचा दांडा फिरला, आणि त्याने टायरवरचा पिवळा ठिपका बरोबर व्हॉल्व्हशी आणून ठेवला. पिवळा ठिपका म्हणजे टायरची हलकी बाजू, ती व्हॉल्व्हच्या वजनाशी जुळवली की बॅलन्सिंगला शिसं कमी लागतं. मग हवा भरताना कडा रिमवर बसल्याचे दोन बार झाले, फटाक्यासारखे. मालकांनी नायट्रोजनचं विचारलं. साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो, म्हटलं उरलेले बावीस मी चालवून घेईन.

जुने चारही टायर भिंतीला टेकून ठेवले होते. पोऱ्या म्हणाला, "साहेब, हे आम्हाला द्या. तीनशेने घेऊ. नक्षी भरपूर आहे."

नक्षी भरपूर होती, तोच तर घोटाळा होता. काळं पॉलिश मारलं की भेगा बुजतात, आणि कुणीतरी ते कल्याण-शीळला भाड्याच्या गाडीवर चढवणार. बाराशे रुपये हातात येत होते, कोणी विचारणारं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मी चांगला मिनिटभर गप्प राहिलो. मग म्हटलं, पैसे नकोत, पण माझ्यासमोर साईडवॉल काप. पोऱ्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मालकांनी खूण केल्यावर त्याने पाती घेतली. कापताना तो चुकचुकत होता. चौथा टायर कापून झाल्यावर म्हणाला, "एवढा चांगला माल, साहेब."

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये पूजा झाली. झेंडूची माळ, बॉनेटवर स्वस्तिक, विंचवाला हळदकुंकू. ताशी २४० किलोमीटरसाठी पास झालेल्या त्या चार टायरांखाली बायकोने एकेक लिंबू ठेवलं. मी पहिला गिअर टाकून हातभर पुढे घेतली. तीन लिंबं फुटली, चौथं घरंगळत पंपाच्या खोलीकडे गेलं. लेक त्याच्यामागे धावली, आणि वॉचमन कव्हर हातात घेऊन विचारायला आला, "झाकू का साहेब?"