वृत्तवाहिनीकडे तक्रार केली, त्याचा माझा अनुभव

आधीच सांगते, कार्यक्रम बघून डोकं तापलेलं असताना तक्रार लिहायला बसू नका. मी बसले आणि पहिला मेल वाया घालवला. 'तुमची वाहिनी पक्षपाती आहे' एवढंच त्यात होतं. त्याला कोण उत्तर देणार?

चर्चा होती अंगणवाडी सेविकांच्या संपावर. माझी जाऊ सेविका आहे, त्यामुळे मानधन (नोकरीचा पगार नव्हे, कामाबद्दल दिली जाणारी ठरावीक रक्कम) आणि पगार यातला फरक आमच्या घरात पोरांनाही ठाऊक आहे. निवेदक मात्र शेवटपर्यंत 'पगार' म्हणत राहिले. खाली पट्टी फिरत होती, 'बालकं उपाशी, सेविका रस्त्यावर'. चार पाहुण्यांत संघटनेच्या एकच बाई. दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर तोच भाग लावला आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन बसले. ४१ मिनिटांत त्या बाई ३ मिनिटं १० सेकंद बोलल्या, आणि तेवढ्यात त्यांना अकरा वेळा तोडलं.

मग तक्रार नीट लिहिली. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधल्या सहाव्या नियमानुसार अर्धसत्य असलेला कार्यक्रम दाखवता येत नाही. 'पक्षपात' हा शब्द मी काढूनच टाकला. मानधनाला पगार म्हटल्याने प्रेक्षकाची कशी दिशाभूल होते, ते मिनिट-सेकंदांसह मांडलं.

याच नियमांतल्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार वाहिनीने तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची आणि निर्णय १५ दिवसांत कळवायचा. मला पोच आलीच नाही. फोन केला तर 'हा जाहिरात विभाग आहे, मॅडम.' दुसऱ्या नंबरवर 'मेल दिसत नाही, परत पाठवा.' परत पाठवला. तक्रार अधिकाऱ्याचं नाव वेबसाइटवर दिसायला हवं. ते सापडायला मला अख्खी दुपार लागली. शेवटी तीच तक्रार त्यांच्या नावाने स्पीड पोस्टने पाठवली, पावती जपून ठेवली. पंधरा दिवस कधीपासून मोजायचे हा वाद तिथेच मिटला.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी उत्तर आलं. चार ओळी. 'आम्ही सर्व बाजूंना समान संधी देतो. आपल्या मताचा आदर आहे.' पगार-मानधनाबद्दल अक्षर नाही, ३ मिनिटं १० सेकंदांबद्दल नाही. आणि वर कार्यक्रमाची तारीख होती मंगळवारची. माझा कार्यक्रम गुरुवारचा! म्हणजे कुणीतरी दुसऱ्याच तक्रारीचं उत्तर उचलून मला चिकटवलं होतं. अंगाची नुसती आग झाली. मी चार संध्याकाळी मोजणी केली होती, आणि समोरच्याने माझं पत्र उघडूनही बघितलं नव्हतं. फोनवर विचारलं तर म्हणाले, 'उत्तर दिलंय, म्हणजे तक्रार बंद.'

बंद होत नाही. वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची (वाहिन्यांनीच मिळून स्वतःवर लक्ष ठेवायला नेमलेल्या संस्थेची) सदस्य असेल, तिच्याकडे निर्णय मिळाल्यापासून १५ दिवसांत अपील करता येतं आणि संस्थेला ते ६० दिवसांत निकाली काढायचं असतं. तिथेही समाधान झालं नाही तर केंद्र सरकारकडे जाता येतं. मी सहाव्या दिवशीच अपील केलं, चुकीच्या तारखेचं ते उत्तर सगळ्यात वर लावून.

हो, एक राहिलं. प्रसारणाची नोंद ९० दिवस ठेवणं वाहिनीवर बंधनकारक आहे, पण त्यावर विसंबू नका. पट्टीचे स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी काढा, वेळेसकट. माझ्याकडे होते म्हणून बरं. अपील केल्यावर तिसऱ्या आठवड्यात यूट्यूबवरचं शीर्षक बदललं. 'पगारासाठी' जाऊन तिथे 'मानधनासाठी' आलं. वाहिनीने मला काही कळवलं नाही. जावेनेच रात्री फोन करून ते वाचून दाखवलं, दोनदा.

अपिलाचा निर्णय यायचाय. साठांतले बावीस दिवस उरलेत.