एक पॅकेट म्हणजे नेमके किती?

काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या एका वाहिनीचे चित्र दर थोड्या वेळाने चौकोनी तुकड्यांत फाटत होते, आणि त्या रात्री एकाच खोलीत बसून दोन गट एकमेकांना चुकीचे ठरवत होते. प्रक्षेपणाचे काम पाहणाऱ्या आम्हा मंडळींच्या विश्लेषक यंत्रावर ‘सीसी एरर’ (पॅकेटांचा क्रम तुटल्याच्या नोंदी) सतत वाढताना दिसत होते. नेटवर्क सांभाळणारे सहकारी मात्र दहा हजारांत एखादेच पॅकेट, म्हणजे माहितीचा एखादाच छोटा गठ्ठा, गळते आहे, एवढ्याने काय होते, असे सांगत होते. आकडे दोघांचेही बरोबर होते. घोळ होता तो ‘पॅकेट’ या शब्दाचा.

डिजिटल व्हिडिओ प्रक्षेपणात पॅकेट म्हणजे ट्रान्सपोर्ट स्ट्रीमचे (टीएस), म्हणजे चित्र-आवाज एकत्र वाहणाऱ्या प्रवाहाचे, पॅकेट. ते नेमके १८८ बाइटचे असते. त्यातले पहिले चार बाइट शीर्षकाचे असून त्यांपैकी सर्वांत पुढचा बाइट कायम एकच, म्हणजे हेक्स पद्धतीत ४७, असल्यामुळे रिसीव्हरला पॅकेट कोठे सुरू होते ते कळते. पुढे १३ बिटांचा पीआयडी, म्हणजे पॅकेटचा ओळख-क्रमांक, येतो. हे पॅकेट चित्राचे, आवाजाचे की वाहिन्यांच्या तक्त्याचे, ते त्यावरून ठरते. शीर्षकाच्या शेवटी चार बिटांचा एक गणक असतो, जो प्रत्येक पीआयडीसाठी स्वतंत्रपणे ० ते १५ मोजतो आणि पुन्हा शून्यावर येतो. हा क्रम मध्येच तुटला की सीसी एररची नोंद होते.

नेटवर्कवाल्यांचे पॅकेट म्हणजे आयपी पॅकेट. इथरनेटच्या १५०० बाइटच्या मर्यादेत बसावीत म्हणून ट्रान्सपोर्ट स्ट्रीमची सात पॅकेटे, म्हणजे १३१६ बाइट, एकत्र बांधून यूडीपी या साध्या पाठवणी-पद्धतीने पाठवतात. आठवे घातले तर नुसता ऐवजच १५०४ बाइटचा होतो. त्यामुळे त्यांचे एक पॅकेट गळाले की आमची सात जातात, आणि यूडीपी ती पुन्हा मागवतही नाही; थेट प्रक्षेपण थांबू शकत नसल्याने तीच पद्धत वापरतात. त्या रात्री विश्लेषकावर एका पीआयडीचा गणक ५ वरून थेट १३ वर गेलेला मी पाहिला, मधले ६ ते १२ बोटांवर मोजले, बरोबर सात भरले, आणि वाद तिथेच मिटला. (एकाच पीआयडीची बरोबर १६ पॅकेटे सलग गळाली, तर या गणकाला काहीच कळणार नाही, ही गंमत मला बरीच उशिरा सुचली.)

दहा हजारांत एक हे प्रमाण ऐकायला क्षुल्लक वाटते, पण चार एमबीपीएसच्या (सेकंदाला चाळीस लाख बिटांच्या) प्रवाहात सेकंदाला सुमारे ३८० आयपी पॅकेटे जातात, म्हणजे साधारण २६ सेकंदांनी एक गळणारच. गळालेला भाग आय-फ्रेमचा, म्हणजे स्वतंत्र पूर्ण चित्राचा, असेल, तर फक्त बदल नोंदवणाऱ्या पुढच्या पी आणि बी फ्रेम तिच्याच आधारावर उभ्या असल्यामुळे नवी आय-फ्रेम येईपर्यंत डाग पडद्यावर राहतो. ईमेलमध्ये गळालेले पॅकेट पुन्हा मागवले जात असल्याने हे नुकसान कधी जाणवलेही नसते. दोष शेवटी एका स्विचच्या पोर्टवर सापडला. क्षणिक गर्दीत तिथला बफर भरून वाहत होता.

‘बँडविड्थ’ हा त्याहून फसवा शब्द आहे. नेटवर्कमध्ये ती एमबीपीएसमध्ये सांगतात, उपग्रहाच्या बाजूला मेगाहर्ट्झमध्ये. डीव्हीबी-एस या उपग्रह-प्रक्षेपण पद्धतीत सेकंदाला २७५ लाख सिम्बॉल (लहरीचे ठोके) पाठवले, क्यूपीएसके ही बिट लहरीवर चढवण्याची रीत असल्याने प्रत्येक सिम्बॉलमागे दोन बिट धरले, चुका दुरुस्त करण्यासाठीच्या जादा बिटांची वजाबाकी म्हणून तीन-चतुर्थांश एफईसी आणि रीड-सॉलोमनचे २०४ बाइटमागे १८८ हे प्रमाण लावले, की हाती सुमारे ३८ एमबीपीएस उरतात. तोच सिम्बॉल रेट ३५ टक्के रोल-ऑफसह (कडांना लागणाऱ्या जादा जागेसह) सुमारे ३७ मेगाहर्ट्झ जागा व्यापतो. हे दोन आकडे निव्वळ योगायोगाने इतके जवळ आले आहेत की, एकाच्या जागी दुसरा लिहिला तरी चूक सहज पचून जाते. डीव्हीबी-एस२ या नव्या पिढीत एटपीएसके ही रीत वापरली की प्रत्येक सिम्बॉल तीन बिट वाहतो, तेवढ्याच रुंदीत जास्त बिट बसतात, आणि मग ती जुनी चूक एकदम उघडी पडते.

‘जिटर’, म्हणजे वेळेतल्या चढउतारा, ची कथाही तीच. नेटवर्कमध्ये पॅकेटे पोहोचण्याच्या वेळेत काही मिलिसेकंद मागेपुढे झाले तरी पुरेसा बफर ते सावरून घेतो. आम्ही मात्र पीसीआर या २७ मेगाहर्ट्झच्या घड्याळखुणांच्या अचूकतेबद्दल बोलत असतो, जिथे प्रमाणकाने ५०० नॅनोसेकंदांपेक्षा जास्त चुकण्याची मुभा दिलेली नाही. दोन्हींमध्ये हजारो पटींचे अंतर आहे, शब्द मात्र एकच.

आमच्या दोष-नोंदीत ‘पॅकेट’ हा शब्द आता एकटा लिहिला जात नाही. त्याच्यामागे ‘टीएस’ किंवा ‘आयपी’ लावावेच लागते. ‘बँडविड्थ’पुढे एकक न लिहिलेली नोंद मी परत पाठवतो, आणि त्याबद्दल बोलणीही खातो.