शेजाऱ्यांकडून आलेले देव
आज रोममधील व्हिला जुलिया संग्रहालयात वेई या प्राचीन नगरीतील अपोलो देवाच्या मूर्तीसमोर बराच वेळ थांबलो. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या अखेरीस एट्रुस्कन, म्हणजे रोमच्या उत्तरेकडील शेजारी लोकांच्या, कारागिरांनी घडवलेली ही पुरुषभर उंचीची, भाजक्या मातीची मूर्ती देवळाच्या छपरावर उभी असे. हरिणीवरून हर्क्युलिसशी चाललेला अपोलोचा वाद, म्हणजे मुळातली ग्रीक कथा, तेथे सर्वांना दिसे. रोम तेथून अवघ्या काही तासांच्या चालीवर होते. कॅपिटोलाइन टेकडीवरील देवराज ज्युपिटरची मूर्ती घडवण्यासाठी रोमच्या टार्क्विन राजाने वुल्का नावाचा मूर्तिकार वेईहूनच बोलावला, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. बळी दिलेल्या पशूच्या यकृतावरून शकुन पाहण्याची रोमनांची विद्याही एट्रुस्कनांचीच.

मला मात्र सर्वांत विलक्षण वाटते ती इ.स.पू. ३९६ ची हकीकत. परंपरेनुसार वेई जिंकताना रोमन सेनापती कॅमिलसने शत्रूच्या जुनो देवीलाच रोमला येण्याची विनंती केली आणि पुढे ॲव्हेंटाइन टेकडीवर तिचे मंदिर उभे राहिले. मूर्ती हलवायला गेलेल्यांपैकी एका तरुणाने, कदाचित थट्टेनेच, “येणार का रोमला?” असे विचारताच देवीने मान डोलावल्याचे इतरांनी ओरडून सांगितले, असे रोमन इतिहासकार लिव्ही लिहितो; तिचा होकार कानांनी ऐकू आल्याची भर या कथेत पुढे पडली, हेही तो प्रामाणिकपणे नोंदवतो.