रक्तातच असतं ना हो ते?

व्याख्यान संपलं की चहाच्या वेळी कुणीतरी गाठतंच. "मॅडम, खरं सांगा, गुन्हेगारी रक्तातच असते ना?" मी कायद्याच्या मुलांना गुन्हेगारीशास्त्र शिकवते, म्हणून ही विचारणा. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

हे खूळ शास्त्राच्या नावाने पसरवलं इटलीच्या चेझारे लोंब्रोसो या डॉक्टरने. विलेल्ला नावाच्या एका चोराची कवटी तपासताना तिच्या तळाशी, मागच्या बाजूला, त्याला एक खळगा दिसला. माणसांत तो सहसा आढळत नाही, काही खालच्या प्राण्यांत आढळतो. झालं! गुन्हेगार म्हणजे उत्क्रांतीत मागे राहिलेला माणूस, असं ठरवून १८७६ मध्ये त्याने ग्रंथच काढला. पुढे आलेला जबडा, मोठे कान, लांब हात, सगळं गुन्हेगाराच्या खुणा म्हणून त्यात आलं. १९१३ मध्ये चार्ल्स गोरिंग या तुरुंगातल्या डॉक्टरने इंग्लंडमधल्या तीनेक हजार कैद्यांची मापं प्रसिद्ध केली. असला वेगळा साचा काही निघाला नाही. (लोंब्रोसोचा स्वतःचा सांगाडाही आता तुरिनच्या त्याच्याच संग्रहालयात उभा आहे. इच्छा त्याचीच.)

आपल्याकडे कवटीचीही गरज पडली नाही. इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा, म्हणजे त्या ग्रंथाच्याही आधीचा. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड 'सेटलमेंट' उभी राहिली. रोजची हजेरी, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही, आणि गुन्हा कोणता, तर अमुक जमातीत जन्मलात. १९५२ मध्ये कायदा गेला. पण गावात चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावर जातात, हे काही गेलं नाही.

"पण मॅडम, जनुकं?" हो, आहेत की. न्यूझीलंडच्या ड्युनेडिनमध्ये १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा अभ्यास अजून चालू आहे. मेंदूतली काही रसायनं मोडणारं एक जनुक काही मुलग्यांत मंद होतं. त्यांतली ज्यांनी लहानपणी मारझोड आणि हाल सोसले, ती पुढे हिंसक होण्याचं प्रमाण जास्त निघालं. नुसतं जनुक मंद, पण घर धड, अशांचं तसं काही दिसलं नाही. हे मंद जनुक तिथल्या तीनातल्या एकाहून जास्त मुलग्यांत होतं. आता कुणाकुणाची हजेरी घेणार?

तरीही जन्मजातच काही हवं असेल, तर गुन्ह्याशी सगळ्यांत घट्ट नातं आहे पुरुष असण्याचं. भारतातल्या कैद्यांत बायका जेमतेम ४ टक्के. पण पुरुषांची सेटलमेंट काढा, असं अजून एकाही श्रोत्याने मला सुचवलेलं नाही.